नमस्कारालाच तुटणारे फोन

दादाने घरातला टेलिफोन उघडून त्याचे सगळे अवयव जेवणाच्या टेबलावर मांडले, तेव्हाच ताईने ओळखलं की आज रविवारचं जेवण काही वेळेवर होत नाही. दादा लाइनमन म्हणून निवृत्त झाला त्याला सहा वर्षं झाली होती, पण जगातला कुठलाही प्रश्न शेवटी वायरीचाच असतो हा त्याचा विश्वास अजून नोकरीवर होता. वहिनी रुसली तरी त्याला आधी वाटायचं, कुठेतरी जॉइंट सैल झाला असणार.

"लाइनच खराब आहे," तो स्क्रू ड्रायव्हरचं टोक फुंकत म्हणाला. "बरोबर दहाव्या सेकंदाला तुटते म्हणजे कोपऱ्यावरच्या पेटीत पाणी शिरलंय."

"महिनाभर पावसाचा थेंब नाही, पाणी कुठून शिरेल?" वहिनीने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

ताईने या वादात तोंड घातलं नाही, आणि ही गोष्ट एरवी कुणाच्याही लक्षात आली असती. तिच्यापुढे महिला माहिती विभागाचं पत्र होतं, पत्रावर शुक्रवारीच मुद्दाम विकत आणलेलं पेन होतं, आणि दोन दिवस झाले तरी ते पेन टोपणातून बाहेर आलं नव्हतं.

अठरा वर्षांपूर्वी या विभागाने बायका आणि मुलींसाठी एक फुकटची फोनसेवा काढली होती. नंबर लावला की एक आवाज नमस्कार म्हणे. मग कायद्याच्या माहितीसाठी एक दाबा, शिक्षणासाठी दोन, राहण्याच्या सोयीसाठी तीन, असं शांतपणे सांगत जाई आणि सगळ्यात शेवटी एखादं जिवंत माणूस फोनवर येई. तो आवाज ताईचा होता. त्या वेळी ती बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायची. विभागातल्या एक बाई फलाट क्रमांक चारवर तीन तास खोळंबल्या होत्या, आणि गाडी रद्द झाल्याचं ताईने अशा काही सुरात सांगितलं की त्यांना राग यायच्या ऐवजी धीर आला. दुसऱ्याच दिवशी त्या घोषणेच्या खोलीचा पत्ता विचारत आल्या. स्टँडवर आता मशीन बोलतं. ताईचा आवाज उरला होता तो या एका नंबरावर, आणि तो तिथे आहे याच्या जोरावर ती निवृत्तीचे दिवस ताठ मानेने काढत होती.

पत्रात चारच ओळी होत्या. सेवा नव्या यंत्रणेवर जाणार, सगळं पुन्हा रेकॉर्ड करायचं, पुढची दहा वर्षं आवाज तुमचाच ठेवायला तुमची संमती आहे का. खाली होय आणि नाही असे दोन चौकोन, त्याखाली सही. सोमवारी सकाळी कागद परत द्यायचा होता. खरं तर 'होय'वर खूण करायला तिला वाचायचीसुद्धा गरज नव्हती. पण शुक्रवारी विभागातल्या बाईंनी तिला आणखी एक कागद दाखवला आणि तिथे घोडं अडलं.

बाईंची खोली म्हणजे प्लायवूडच्या दोन भिंती आणि लोखंडी कपाटाची तिसरी. कपाटावर माहितीपत्रकांचे गठ्ठे छताला टेकलेले, मुलींच्या शिक्षणाचे जांभळे, घरातल्या मारहाणीसंबंधीचे पिवळे, आणि विधवांच्या हक्कांच्या गठ्ठ्यावर कुणीतरी विसरलेली छत्री. बाईंनी कागद पुढे सरकवला. कोण फोन करतं ते विभागालाही दिसत नाही, त्या म्हणाल्या, फक्त कुठल्या टेलिफोन केंद्रातून आला आणि किती वेळ चालला तेवढं कळतं. सगळीकडून येणारे फोन तीन मिनिटं चालतात, चार चालतात. तुमच्या केंद्रातून दोन महिन्यांत चाळीस आले आणि चाळीसही दहाव्या सेकंदाला बंद झाले. नमस्कारालाच. पुढचं एक बटणसुद्धा कुणी दाबलेलं नाही.

मग त्यांनी जरा अवघडून सांगितलं होतं की दोष आवाजात निघाला तर त्यांना आवाज बदलावा लागेल. "मला तो बदलायचा नाहीये हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तुम्हालाच सांगते, बघा काही उलगडा होतोय का."

तेव्हापासून ताईच्या जिवाला चैन नव्हतं. आवाज जाईल ही धास्ती होतीच, पण धास्तीपेक्षा कुतूहल मोठं होतं. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही आणि ती आपल्याच भागात घडते आहे, हे तिला सहनच होत नसे. शुक्रवारी संध्याकाळी तिने घड्याळ हातात धरून स्वतःचं निवेदन म्हणून बघितलं. "नमस्कार. महिला आणि मुलींच्या माहितीसेवेत तुमचं स्वागत आहे. तुमचं नाव विचारलं जाणार नाही, आणि तुम्ही जे बोलाल ते कुणालाही सांगितलं जाणार नाही." बरोबर दहा सेकंद. पुन्हा म्हटलं, पुन्हा दहा. म्हणजे चाळीस बायकांनी एवढं ऐकून घेतलं होतं आणि मग फोन ठेवला होता. या तीन वाक्यांत ठेवण्यासारखं काय आहे, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. शेवटी तिने रविवारी दुपारी सगळ्यांना टेबलाशी बसवायचं ठरवलं.

सगळे म्हणजे दादा आणि वहिनी. त्यांचा मुलगा, जो गाडी चालवायला शिकवत असल्यामुळे घरीदारी मास्तर म्हणूनच ओळखला जाई, आणि ज्याचा उजवा पाय शिकाऊ माणसांच्या भीतीने टेबलाखालीही अधूनमधून ब्रेक दाबायचा. मास्तरची मुलगी चिमणी, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. तिची आई नर्स होती आणि आज ड्यूटीवर होती. आणि खिडकीशी, शिवणाच्या मशीनवर, धाकटी. ताईची ही पाठची बहीण अकरा वर्षं सासरी काढून नऊ वर्षांपूर्वी कायमची परत आली होती, आणि शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी जोडता जोडता घरातल्या चर्चा ऐकायची. चर्चेत तिने भाग घेतलेला कुणाला आठवत नव्हता.

दादाने टेलिफोन पुन्हा जोडला, नंबर लावला आणि रिसीव्हर कानाला धरून बसला. दहा सेकंद गेले, वीस गेले. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिकडे ताई त्याला एक दाबा, दोन दाबा सांगते आहे आणि इकडे ताई त्याच्याकडे टक लावून बघते आहे. अडीच मिनिटांनी एक मुलगी फोनवर आली, तेव्हा त्याने घाबरून "सॉरी, लाइन टेस्टिंग" म्हणून फोन ठेवला.

"लाइन ठणठणीत आहे," तो म्हणाला, आणि त्याला वाईट वाटलेलं स्पष्ट दिसत होतं.

मग तर्कांना ऊत आला. मास्तरचं म्हणणं, ही पोराटोरांची टवाळी असणार, फुकटचा नंबर दिसला की हात शिवशिवतात. दादाला वाटलं, निवेदन लांब आहे, ताईला पहिल्यापासूनच थोडक्यात सांगता येत नाही. ताई म्हणाली की हेच निवेदन बाकी सगळीकडच्या बायका शेवटपर्यंत ऐकतात, मग आपल्याच भागातल्या बायकांना काय झालंय. दादाने ताबडतोब पक्ष बदलला आणि म्हणाला की आपल्या भागातल्या बायकांना मुळात धीर नाही. हे वाक्य स्वयंपाकघरात ऐकू गेलं, आणि भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

"मी काय म्हणते," ताई पुढे सरसावली, "उद्यापर्यंत वेळ आहे. आज दुपारीच घरोघर जाऊन विचारू. कुणी फोन केला, का ठेवला. बायका मला सांगतील, मला सगळ्या ओळखतात."

दादाला ही कल्पना फारच आवडली. तो म्हणाला, मी वही घेऊन बरोबर येतो, गल्लीच्या या टोकापासून सुरू करू. मास्तरने कोपऱ्यावरचं घर आधी घ्या म्हणून सुचवलं. चिमणी नखं कुरतडत होती. तेवढ्यात वहिनी हात पुसत बाहेर आली आणि खुर्ची ओढून बसली. जेवण वाढायच्या वेळी वहिनी कधी बसत नसे.

"घरोघर नका जाऊ," ती म्हणाली. "त्यातले तीन फोन माझे आहेत."

दादाने पहिल्यांदा वहिनीकडे आणि मग टेलिफोनकडे बघितलं, जणू त्याने आपल्याला आधी सांगायला हवं होतं.

वहिनीने जे सांगितलं ते तिने बहुधा बरेच दिवस मनाशी घोळवलेलं असावं, कारण ती कुठे अडखळली नाही. हे घर दादाच्या आणि त्याच्या दोघी बहिणींच्या नावावर. तिने त्यात छत्तीस वर्षं काढली, भिंतींचा रंगदेखील दर वेळी तीच ठरवते, पण कागदावर ती कुठेच नाही. लागावं का आपलं नाव, लागतं का, त्यासाठी कुणाला विचारायचं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. दवाखान्यात भिंतीवर त्या सेवेचं पत्रक चिकटवलेलं होतं. तिने नंबर उतरवून घेतला आणि दुपारी घरात कुणी नाही असं बघून लावला.

"आणि तिकडून तुम्ही, वन्सं," ती ताईला म्हणाली. "मला ठाऊक होतं हो तुमचा आवाज आहे म्हणून. पण ठाऊक असणं वेगळं आणि कानात येणं वेगळं. तुमच्याच घरात नाव लावायचं, आणि ते तुम्हालाच विचारायचं? तरी मी थांबले. मग तुम्ही म्हणालात, तुम्ही जे बोलाल ते कुणालाही सांगितलं जाणार नाही. तेव्हा मला हसूच आलं. आणि मग भीती वाटली."

"हसू कसलं?" ताई म्हणाली. "मी कुणाला काय सांगते?"

मग मास्तरने अतिशय नम्रपणे आठवण करून दिली की तो पहिल्यांदा ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झाला ते त्याच्या आधी गल्लीला कळलं होतं. दादाला आठवलं की त्याच्या मूळव्याधीची चौकशी थेट टेलिफोन खात्याच्या साहेबांनी केली होती. चिमणीच्या आईला दिवस गेल्याचं चिमणीच्या बापाला दूधवाल्या बाईकडून समजलं. यादी निघाली तशी लांबत गेली, आणि सांगताना सगळे हसत होते, कारण ताईने यातलं काहीही वाईट मनाने केलं नव्हतं. तिला बातमी पोटात ठेवता येत नसे, एवढंच. गाडी लागली की सांगायचं, हा तीस वर्षांचा सराव. या घरात ताईला सांगितलं म्हणजे फलाटावर लागलं, असं म्हणायची पद्धतच होती, फक्त ती तिच्यासमोर कुणी म्हणत नसे.

ताईसुद्धा हसायला गेली, पण तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिला एकदम चाळीस हा आकडा आठवला. या भागात तिला न ओळखणारी बाई शोधून सापडली नसती, आणि हे ती आजवर अभिमानाने सांगत आली होती.

"बाकीचे?" तिने हळूच विचारलं. "तीन तुझे. बाकीचे कुणाचे?"

"सात माझे," चिमणी म्हणाली.

मास्तरच्या पायाने टेबलाखाली करकचून ब्रेक दाबला.

चिमणीने बापाकडे न बघता आत्याआजीकडे बघून सांगायला सुरुवात केली. तिला दुसऱ्या गावच्या तंत्रशाळेत जायचं होतं, विमानांची इंजिनं शिकवतात तिथे. तिथे मुलींचं सरकारी वसतिगृह आहे, अर्जाची मुदत मंगळवारपर्यंत आहे. बाबा नाही म्हणणार हे तिला न विचारताच ठाऊक होतं. म्हणून तिला एवढंच विचारायचं होतं, की अर्जावर बाबांच्या ऐवजी आईची सही चालते का.

"सात वेळा लावला, तर एकदाही पुढे ऐकावंसं वाटलं नाही?" ताईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"वाटलं ना. शिक्षणासाठी दोन, हे मला पाठच आहे. पण तू बोलत असतेस." चिमणी म्हणाली. "तू बोलत असताना मध्ये काही करायचं नाही, असं लहानपणापासून शिकवलंय आम्हाला. तू संपेपर्यंत थांबावं लागतं. आणि थांबलं की वाटतं, आता तू विचारणार, चिमणे, कशाला फोन केलास गं."

मास्तर दुखावला होता, आणि ते त्याने लपवलं नाही. मी नाही म्हणणार हे तुला कुणी सांगितलं, एवढंच तो दोनदा म्हणाला. दादाने मुलाची बाजू घेतली, बापाला डावलून अर्ज करणं बरं दिसत नाही म्हणाला. वहिनी म्हणाली, बरं दिसत नाही म्हणूनच आम्ही सगळ्या दहाव्या सेकंदाला फोन ठेवतो. मग ती दादाकडे वळली आणि म्हणाली, घराच्या कागदाचं काय ते आपण नंतर बोलूच. दादाच्या एकदम लक्षात आलं की तंत्रशाळा तशी चांगली आहे, तिथून शिकलेला एक जण त्याच्या खात्यात होता. मास्तर एकटा पडला. थोड्या वेळाने त्याने विचारलं की विमानाच्या इंजिनाला काही धोका असतो का, तेव्हा सगळ्यांना कळलं की गाडी वळणावर आली आहे.

ताईचं या सगळ्याकडे अर्धंच लक्ष होतं. तिच्या डोक्यात उरलेले तीस फोन वाजत होते. समोरच्या शिक्षिकेचा असेल एखादा, कोपऱ्यावरच्या शिंपिणीचा असेल. त्या पलीकडच्या बिल्डिंगमधल्या नव्या सुनेचाही असेल, जी परवाच डोळा सुजलाय कशाने ते न सांगता घाईघाईने निघून गेली होती. ताईने तिला त्या दिवशी जिन्यात अडवून दोनदा विचारलं होतं. आता तिला ते आठवून कसंनुसं झालं.

"शून्य दाबायचं," ती एकदम म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "फोन लागल्या लागल्या शून्य दाबलं की सरळ माणूस येतं. मी बोलत असले तरी. मला मध्येच तोडायचं. त्या यंत्रात तशी सोयच आहे, पण ते मी सगळ्यात शेवटी सांगते, आणि तिथपर्यंत तुम्ही कुणी थांबलाच नाहीत."

तिने टेलिफोन उचलून चिमणीच्या हातात दिला. वायर लांब होती, दादाच्या घरात वायरीला काय तोटा. आतल्या खोलीत जा आणि दार लावून घे, तिने सांगितलं. चिमणीने बापाकडे बघितलं. मास्तरने मान हलवली, पण कुठल्या बाजूने हलवली ते त्यालाही सांगता आलं नसतं. दार बंद झालं. वहिनी पानं घ्यायला उठली, दादा तिच्या मागोमाग गेला, आणि आत काहीतरी हळू आवाजात बोलणं सुरू झालं. मास्तर गॅलरीत जाऊन उभा राहिला.

ताई उठली आणि खिडकीशी धाकटीजवळ जाऊन बसली. मशीनशेजारी पांढऱ्या कॉलरींची चळत होती. ताईने त्यातली एक उचलली, उगाच उलटसुलट केली आणि परत ठेवली.

"तूही केला होतास का गं फोन?"

"या दोन महिन्यांत नाही," धाकटी म्हणाली.

ताईचा हात कॉलरींवरच राहिला. नऊ वर्षांत तिने धाकटीला शंभरदा विचारलं होतं. काय झालं, कधीपासून, तू कळवलं का नाहीस, आम्ही मेलो होतो का. धाकटीने कधीच उत्तर दिलं नव्हतं. ती परत आली त्याच दिवशी ताईने सगळ्या गल्लीत स्वतःच जाऊन सांगून टाकलं होतं, म्हणजे तिला कुणी टोचून विचारायला नको. त्यानंतर धाकटीने ओठ शिवून घेतले. आज ताईने पुढचा प्रश्न विचारला नाही. तोंडावर आलेला तिने गिळला, आणि तो गिळताना तिला खरोखर त्रास झाला.

धाकटीने सुईखालचा कपडा फिरवला, दोरा तोडला.

"तिकडे असताना करायचे," ती म्हणाली. "इकडे घरी फोन केला की बिलावर नंबर यायचा. मग पुढचे चार दिवस... जाऊ दे. हा फुकटचा होता, बिलावर येत नव्हता. आठवड्यातून दोन-तीनदा करायचे. हे आंघोळीला गेले की."

"माहिती विचारायला?"

"नाही गं. तुझा आवाज ऐकायला."

आतल्या खोलीतून चिमणीचं बोलणं अस्पष्ट ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते.

"तू नमस्कार म्हणायचीस ना, ते मला म्हणतेयस असंच वाटायचं," धाकटी म्हणाली.

ताईला रडू आलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिथल्या माणसाने सांगितलं होतं, यंत्राशी बोलू नका, कुणातरी एकीला समोर धरून बोला. तेव्हा धाकटीच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि ती सणासमारंभालाही यायची बंद झाली होती. ताईने दुसऱ्या कुणाला समोर धरलंच नव्हतं.

"तुलाच म्हणत होते," ती म्हणाली. "खरंच. तुलाच."

धाकटीने मान डोलावली. तिला त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही. तिने पुढची कॉलर सुईखाली घेतली, पण मशीन सुरू केलं नाही.

"दहा सेकंद पुरायचे मला, ताई. तेवढं ऐकलं की दोन-तीन दिवस निघायचे. मग परत." ती कॉलरीकडे बघत राहिली. "पुरले नसते तर पुढचं बटण दाबलं असतं."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. कालचा हिशोब कुणी आज सांगावा तसं सांगितलं, आणि मग पायडल मारायला सुरुवात केली. ताई तिथेच बसली. नऊ वर्षं. आठवड्यातून दोनदा, तीनदा. तेवढ्या वेळा आपण तिला धीर दिला आणि तेवढ्या वेळा तिला त्या घरात परत पाठवलं, असं तिच्या मनात आलं. आणि ते खोटं आहे असं स्वतःला समजावायला तिला एकही वाक्य सापडेना.

"सही करून टाक," धाकटी मशीनच्या आवाजात म्हणाली. "चांगला आवाज आहे तुझा."

चिमणी दार उघडून बाहेर आली. तिच्या हातात लिहिलेला कागद होता, चेहरा लाल झाला होता. वहिनी आणि दादा स्वयंपाकघराच्या दारात आले, मास्तर गॅलरीतून आत आला. चिमणीने आत्याआजीकडे बघितलं आणि वाट बघत उभी राहिली. तिकडे काय म्हणाले, कोण बोललं, आईची सही चालते का, कधी पोचायला हवं, सगळं ताईच्या जिभेच्या टोकावर होतं.

"लागला ना फोन?" ताईने विचारलं.

"लागला."

"मग झालं. तुझ्या बाबांना काय सांगायचं ते तूच सांग."

ती टेबलाशी आली. पेनाचं टोपण काढलं, पत्र सरळ केलं आणि 'नाही'च्या चौकोनात खूण केली. खाली सही केली. मग उरलेल्या जागेत तिने लिहिलं की नवीन आवाज कुणाचाही घ्यावा, पण शून्य दाबायचं ते नमस्काराच्याही आधी सांगावं. अक्षर नेहमीपेक्षा लहान आलं.

दादाने खांद्यावरून वाचलं. अठरा वर्षं, तो म्हणाला, अगं अठरा वर्षं, आणि दोन पोरीबाळींना जरा संकोच वाटला म्हणून? चिमणीचे डोळे भरून आले होते. वहिनी पुढे येऊन म्हणाली की वन्सं, मी तसं मनाला लागेल असं बोलायला नको होतं, आता शून्य कळलंय ना आम्हाला. ताईने तिचा हात धरून थोपटला आणि म्हणाली की ते तुमच्यामुळे नाही.

"मग कशामुळे?" दादाने विचारलं. त्याने खिडकीकडे बघितलं. "ती काय म्हणाली तुला?"

मशीन थांबलं. धाकटीने मान वर केली नाही, पण तिचे हात कपड्यावर तसेच राहिले. वहिनी, मास्तर, चिमणी, सगळे ताईकडे बघत होते. गेली तीस-पस्तीस वर्षं या घरात असं कुणी विचारलं की ताई खुर्चीत सावरून बसायची, घसा साफ करायची आणि पहिल्यापासून सांगायची.

ताईने पत्राची घडी घातली.

"काही नाही," ती म्हणाली. "कॉलरींचं बोलत होतो. वाढा आता, भूक लागलीय."

दादाचा त्यावर विश्वास बसला नाही, कुणाचाच बसला नाही. पण विचारायचं कसं ते कुणाला कळेना, कारण आजवर तशी वेळच आली नव्हती. थोड्या वेळाने वहिनी पानं घ्यायला वळली. आणि खिडकीशी धाकटीने मशीनवर आच्छादन घातलं, उठली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा आपली खुर्ची ताईच्या शेजारी ओढून घेतली.